हिवाळा आला की सुरीला गंज आणि मूठ खुळखुळी: तीन हिवाळे डोकं खाल्ल्यावर सापडलेली कारणं

आधी लक्षणं सांगते, तुमची जुळत असतील तरच पुढे वाचा. पावसाळाभर सुरी घरात ठणठणीत असते. दिवाळी झाली की आपण बाहेर पडायला लागतो आणि पहिल्याच कॅम्पहून परत आलो की पात्यावर नारिंगी ठिपके, तेही सगळीकडे सारखे नाहीत, एका बाजूला जास्त आणि मुठीजवळ तर हमखास. घासून काढले, तेल लावलं, पुढच्या कॅम्पला परत तेच. मग साधारण जानेवारीत मूठ बोलायला लागते, सुरी कानाजवळ धरून हलवली की आतून टिकटिक. तिसरं दुखणं म्हणजे धारेला पडणारी खांडं, पण ते सगळ्यांना होत नाही, त्याच्याकडे शेवटी येते.

माझी सुरी घोटीजवळ रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाने समोर बसवून करून दिलेली. ट्रकच्या कमानपाट्याचं पातं, साधारण पाच इंच, बाभळीची मूठ, पात्यामागची शेपटी तापवून राळेत बसवलेली आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी. बाबा सांडशीत पातं धरून बसलेले आणि घण मारत होती त्यांची बायको, ते बघण्यातच माझे दोन तास गेले. म्यान मात्र नाशकात एका चपलावाल्याकडून शिवून घेतलं, कोल्हापुरीला वापरतात तसल्या जाड कातड्याचं. एवढं सविस्तर सांगतेय कारण यातली प्रत्येक गोष्ट पुढे कुठे ना कुठे आडवी येणार आहे.

एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात पक्की करा, ही सुरी स्टेनलेस नाही. स्टेनलेस म्हणवून घ्यायला क्रोमियम निदान साडेदहा टक्के लागतं, कमानपाट्यात ते फार तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे पाणी आणि हवा एकत्र मिळाली की हिला गंज येणारच, त्यात लोहाराचा काही दोष नाही. मी मात्र पहिला हिवाळाभर त्या बाबांच्या नावाने खडे फोडत होते, ते चुकलंच.

त्या हिवाळ्यात मी लावत होते खोबरेल. घरात असतं, खाण्यात गेलं तरी चालतं, आजी विळीला तेच लावायची. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं हो! पुण्या-नाशकात डिसेंबरच्या पहाटे बाटलीतून बाहेर येत नाही ते आपल्याला माहीत असतं, आणि तरी तेच पात्यावर चोपडून आपण थंडीत घेऊन जातो. थंड पात्यावर ते सलग पसरत नाही, रवाळ होऊन कुठे जाड कुठे काहीच नाही असं बसतं, आणि जिथे काहीच नाही तिथे ठिपका. आजीची विळी स्वयंपाकघरात चुलीच्या उबेत असायची, रोज धुऊन पुसली जायची, हा फरक माझ्या लक्षात आला नाही. मग शेंगदाण्याचं तेल लावून बघितलं तर ते महिन्याभरात चिकट, कळकट, म्यानातली सगळी धूळ पात्याला. करडईचंही तसंच. शेवटी मेडिकलमधून साधं लिक्विड पॅराफिन आणलं, ते थिजत नाही, चिकटत नाही, खवटही होत नाही. थेंबभर घेऊन फडक्याने पुसून काढायचं, पातं ओलं दिसता कामा नये.

पण तेल बदलून अर्धंच काम झालं, ठिपके कमी झाले पण थांबले नाहीत.

खरा धागा सापडला तो योगायोगाने. एकाच डिसेंबरात दोन ट्रिप झाल्या. पहिली बार्शीकडे हुरड्याला, तीन दिवस शेतात, सुरी सारखी वापरात, ऊस सोल, पेरू काप, कणसं छाट, गंजाचा एक ठिपका नाही. दुसरी भंडारदऱ्याला, रतनवाडीच्या बाजूला पाण्याच्या काठी तंबू, फक्त एक रात्र, आणि सकाळी पातं गोवर आल्यासारखं. सुरी तीच, तेल तेच, माणूस तोच. फरक एवढाच की बार्शीची हवा कोरडी आणि भंडारदऱ्याला रात्रभर दव, सकाळी तंबू पिळून काढावा इतका ओला.

मग मी म्हटलं, अरे पण सुरी बाहेर कुठे होती, ती तर म्यानात, म्यान सॅकमध्ये, सॅक तंबूत. दव तिथे पोचलं कसं? तर दव पोचायची गरजच नाही, तंबूत झोपलेली तीन माणसं रात्रभर श्वासातून वाफ सोडत असतात आणि बंद तंबूत ती जाणार कुठे, आतल्या प्रत्येक थंड वस्तूवर बसते. लोखंड तर अंधार पडला की आधी गार होतं. आणि चामडं ही वाफ शोषून घेतं, नुसतं शोषत नाही तर धरून ठेवतं, सकाळी ऊन आलं, तंबू वाळला, तरी म्यान आतून दमटच. म्हणजे आपण पात्याला रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखं झालं की नाही?

खात्री करायला पुढच्या वेळी भाच्याला बरोबर नेलं. त्याचीही सुरी त्याच घिसाड्याकडची, बहुतेक त्याच पाट्याच्या तुकड्यातली. दोन्ही पाती सारखी पुसली, सारखं तेल लावलं. त्याची सुरी म्यानात ठेवली, माझी म्यानाबाहेर काढून तेलकट सुती फडक्यात आणि वरून वर्तमानपत्राच्या चार घड्या, दोन्ही सॅकच्या एकाच कप्प्यात. सकाळी त्याची ठिपक्याठिपक्यांची, माझी स्वच्छ. "आत्या, मला आधी सांगितलं असतंस तर!" म्हणे. अरे सांगितलं असतं तर प्रयोग कसला राहिला.

तर गंज एका बाजूलाच जास्त का, याचं उत्तर हे, की म्यानात पातं ज्या बाजूला चामड्याला टेकतं ती बाजू. आणि मुठीजवळ का, तर म्यानाचं तोंड तिथे असतं आणि ओल तिथूनच आत झिरपते.

दुसरी भानगड चामड्याचीच. कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्यात तुरट द्रव्य भरपूर. आवळा कापल्यावर साध्या लोखंडाचं पातं काळंनिळं पडतं ना, तीच गोष्ट म्यानात होते, ओल आली की चामड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र येऊन काळेनिळे डाग. हे डाग गंज नव्हेत, त्यांना घाबरू नका आणि घासत बसू नका. कांदा, लिंबू, कैरी कापून पात्यावर जी करडी-काळी झाक येते तीही राहू द्या, ती उलट थोडंफार संरक्षणच करते. घासायचा तो फक्त नारिंगी आणि लाल. त्यासाठी तारेच्या घासणीने ओरखडे काढण्यापेक्षा चुलीची राख वस्त्रगाळ करून तेलात कालवायची आणि बुचाच्या तुकड्याने किंवा जाड कापडाने चोळायची, पाच मिनिटांत निघतो. चिंचेचा कोळ लावला तरी निघतो पण मग लगेच धुऊन, कोरडं करून, तेल, नाहीतर तासाभरात नवा गंज.

आता मी काय करते ते. रात्री सुरी म्यानात झोपत नाही, संपला विषय. दिवसभर कमरेला म्यानात असली तरी चालतं, हवा लागते, ऊन लागतं, सारखी आत-बाहेर होते. संध्याकाळी शेवटचं काम झालं की धुवायची, विशेषतः ऊस सोलला असेल तर, कारण रसाचा चिकटा म्यानात गेला की तो ओल धरतो आणि मुंग्याही बोलावतो. मग पुसायची, चुलीपासून हातभर लांब दोन मिनिटं धरून कोमट करायची, तेलाचा हात फिरवायचा, फडक्यात गुंडाळायची. म्यान उघडं, तोंड खाली करून तंबूच्या दोरीला. म्यान ओलं झालंच तर सावलीत वाळवायचं, शेकोटीजवळ अजिबात नाही, चामडं आकसून कडक होतं आणि मग सुरी जाता जात नाही, माझं पहिलं म्यान असंच गेलं. दुसऱ्याच्या टोकाला मी बारीक भोक पाडलंय, आत गेलेलं पाणी निथळायला, आणि हेअर ड्रायरने गरम करून आतबाहेर मधमाशीचं मेण मुरवलंय. त्याने ओल शोषणं बंद होत नाही पण बरंच कमी होतं.

पाण्याकाठच्या ट्रिपांना मात्र चामडं घरीच ठेवते. पातळ पीव्हीसी पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरला की मऊ पडतो, मग पात्याच्या जाडीची लाकडी पट्टी आत घालून दोन फळ्यांत दाबायचा, गार होईस्तोवर सोडायचा नाही. झालं म्यान! दिसायला अगदी भिकार, प्लंबरने सुरी केल्यासारखं, पण ओल शोषत नाही आणि पाण्याने धुता येतं. पाइप गॅसवर धरू नका, जळाला तर त्याचा धूर विषारी असतो.

बर्फातला प्रकार वेगळा आणि तो मला उत्तराखंडातल्या केदारकंठाला कळला. सांक्रीहून वर गेलो, जानेवारी, रात्री शून्याच्या बऱ्याच खाली. लाकूड तोडायचा प्रश्नच नव्हता, तो सगळा भाग गोविंद राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथे तसं करूही नये. सुरी होती ती गाजरं, पनीर आणि दोऱ्यांपुरती. झालं असं की दिवसभर बाहेर गारठलेली सुरी मी संध्याकाळी किचन तंबूत नेली, आत डाळीची वाफ, चहाची वाफ, आणि पातं दोन सेकंदांत पांढरं. गरम चहाच्या कपावर चष्मा नेल्यावर होतो तसं. मी भाजी कापली, पॅन्टला पुसल्यासारखं केलं आणि म्यानात सारली. सकाळी सुरी बाहेर येईना! आतलं पाणी गोठून पातं आणि चामडं एकजीव. आमच्यातला एक जण उकळतं पाणी ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं, कारण मग चामडं पार भिजणार आणि पुढच्या रात्री तेच दुप्पट. म्यानासकट जॅकेटच्या आत अर्धा तास ठेवली, धार आत आणि मूठ बाहेर असंच, आपोआप सुटली.

तर बर्फात नियम उलटा आहे. सुरी थंड असेल तर थंडच ठेवा, सारखी आत-बाहेर करू नका. आत न्यायचीच असेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या आणि पिशवीतच तिला आतल्या तापमानाला येऊ द्या, मग पाणी पिशवीवर बसतं, पात्यावर नाही. कॅमेरावाले हेच करतात. आणि ओल्या बोटांनी उघडं लोखंड धरू नका, कातडी चिकटते, माझी कडी लोखंडाची असल्याने अंगठ्याला प्रसाद मिळालाय. पातळ लोकरी हातमोजा बरा पडतो पण तो घसरतो, म्हणून मी मुठीला सुती दोरी गुंडाळली. (विमानाने जाणाऱ्यांसाठी, सुरी चेक-इन सामानातच, केबिन बॅगेत राहिली तर ती तिथेच सोडून जावं लागेल.)

आता मूठ. यात मी सगळ्यात जास्त गोंधळले होते. सगळे सांगतात, थंडीत हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, म्हणून मूठ ढिली. पण नीट विचार करा, लाकूड आकसलं तर त्यातलं भोकही आकसणार, मग शेपटी उलट घट्ट व्हायला हवी ना? कुदळीचं समजू शकते, तिथे लाकडी दांडा लोखंडाच्या आत असतो, तो आकसला की कुदळ ढिली. सुरीत उलटं आहे, लोखंड लाकडाच्या आत. मग टिकटिक कुठून येते?

उघडून बघितल्यावर कळलं. एक म्हणजे कडी. कडीच्या आत लाकूड आहे, म्हणजे तेवढ्या भागापुरती ती कुदळच, लाकूड आकसलं आणि कडी सैल झाली. दुसरं, राळ. नुसती राळ थंडीत काचेसारखी ठिसूळ होते, दोन-चार ठोके बसले की आतल्या आत भुगा होतो आणि शेपटी मोकळी. टिकटिक तिचीच होती. तिसरं, लाकूड आकसू बघतं पण आतलं लोखंड त्याला आकसू देत नाही, मग ते रेषेच्या बाजूने बारीक तडकतं, आणि ही तड कडीखाली लपलेली असते. ज्यांची मूठ दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि मधे रिबीट अशी आहे त्यांना वेगळंच जाणवेल, हिवाळ्यात मधल्या लोखंडाची कड तळहाताला टोचायला लागते, कारण लाकूड आत गेलं आणि लोखंड होतं तिथेच राहिलं.

यावर कुणीतरी हमखास सांगणार की मूठ रात्रभर पाण्यात घाल, गच्च होईल. कुदळीला शेतकरी करतात तसं, आणि कुदळीलासुद्धा तो तेवढ्या दिवसापुरताच उपाय असतो, वाळल्यावर आधीपेक्षा ढिली. सुरीला तर करूच नका. पाणी शेपटीपर्यंत जातं, तिथे कुणाला न दिसता गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून आतून फुगून तो मूठच फोडतो. मी हे पहिल्या वर्षी केलं होतं. मुठीतून जे निघालं ते तपकीर वाटावी असं होतं.

करायचं असं. पात्याला जाड कापड गुंडाळा, मुठीजवळच्या लोखंडावर हेअर ड्रायर धरा, आतली राळ मऊ झाली की मूठ ओढून निघते. घाई करून गॅसवर पातं धरू नका, त्याने धारेचं पाणी, म्हणजे लोहाराने तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरतं. शेपटी घासून स्वच्छ करा. मूठ घरात माळ्यावर तीन-चार आठवडे पडू द्या, पूर्ण वाळू द्या, म्हणजे जे काय आकसायचं ते बसवण्याआधीच आकसून घेईल. म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नका, फुगलेल्या लाकडात बसवलेली शेपटी हिवाळ्यात परत तोंड दाखवणार. मग बसवताना नुसती राळ नको, तिच्यात चाळलेली विटेची पूड आणि थोडं मेण, पूड आकार धरते आणि मेणाने ठिसूळपणा जातो. हे मिश्रण घराबाहेर मंद आचेवर करा, राळ भसकन पेट घेते. एवढा उपद्व्याप नको असेल तर दोन ट्यूबवाला इपॉक्सी चालेल, फक्त तो थंडीत नीट सुकत नाही, पहाटे गॅलरीत बसवून वाट बघत बसू नका, दुपारी खोलीत करा आणि रात्रभर फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवा. शेपटीला तेलाचा हात लागलेला नसावा.

आधी चिकटवा, मग तेल, हा क्रम पाळा. मुठीला जवसाचं तेल चांगलं, ते लाकडात मुरून सुकतं. पातळ हात, दिवसभर वाळू द्या, परत, असे चार-पाच. आणि हे फार महत्त्वाचं, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ती सुकताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

राहिली खांडं. थंडीने लोखंड ठिसूळ होतं हे खरं, पण आपल्याकडच्या पाच-सात अंशांत एवढा फरक पडत नाही की धार तुटावी. माझ्या धारेला खांडं पडली ती वाळक्या बांबूच्या पेरावर सुरी पिरगाळल्यामुळे, थंडीचं निमित्त. सरळ दाबा, सरळ काढा, अडकली तर तिरकी उचकटू नका. सरपण मी गावातून फोडलेलंच विकत घेते, भंडारदऱ्याचा तो भाग अभयारण्याचा आहे आणि सुरीही कुऱ्हाड नाही. तरीही खांडं पडत असतील तर नवी कानस धारेवर हलकी फिरवून बघा. नुसती सरकली, अजिबात चावली नाही, तर पाणी जास्त कडक चढलंय. मूठ काढून, पातं घासून चकचकीत करून, घरातल्या ओटीजीमध्ये २०० अंशांवर तासभर, गार करून परत तासभर, पातं गव्हाच्या काडीसारखं पिवळसर झालं की बस. याच्या उलट कानस लोण्यासारखी चालली किंवा धारेवर निळी झाक दिसली, तर कुणीतरी ग्राइंडरवर धार लावताना पाणी उतरवलंय. ही धार तुटत नाही, वळते. त्याला घरी उपाय नाही, लोहाराकडूनच परत पाणी द्यावं लागतं.

मी गेले होते तसली एक घेऊन. बाबांनी पातं उन्हात तिरकं धरलं, निळी पट्टी बघितली आणि म्हणाले, "ताई, मशीनवर नेलीत ना? आता मूठ काढून आणा, अशी भट्टीत घालता येत नाही." परत जाईपर्यंत मार्च उजाडला आणि पाल तिथून उठलं होतं. दिवाळीनंतर ते बहुधा त्याच वळणावर येतात, तेव्हा कुणाला जायचं असेल तर मूठ घरूनच काढून न्या.